जवसाचं तेल आणि तुमचा चाकू

मामाजी,

आता अंगणात कोणी खाकरत नाही. तुम्ही मळ्यातून आलात की दाराशी थांबून खाकरायचात. तेवढ्या वेळात मी पदर पुढे ओढून चुलीमागे सरकायची, बांगड्या वाजवायची, आणि मग तुमचा पाय उंबऱ्याच्या आत पडायचा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सासऱ्याशी सुनेचं बोलणं एवढंच. काल दुपारी वाऱ्यानं फाटक वाजलं तर मी उठून उभी राहिले. मग लक्षात आलं.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिण्याची सवय नाही. पण तुमच्यासमोर बोलायची रीत नव्हती आणि लिहायला तशी आडकाठी नाही. हे कोणाला वाचून दाखवायचं नाही.

लोक भेटायला येतात, ओसरीवर बसतात आणि तुमच्या हाताच्या गोष्टी करतात. दारव्ह्यापर्यंत संत्र्याच्या किती बागा तुमच्या हातच्या आहेत ते सांगतात. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चिरून तिच्यात संत्र्याच्या फांदीचा डोळा बसवावा तो तुम्हीच, असं म्हणतात. परवा तुमचे एक जुने सोबती म्हणाले, "बुढ्याचा अंगठा पाहाचा होता. सत्तरीतही चाकू असा उघडे, जसा काडीपेटीचा खण." मी आत भाकरी थापत होते. माझा हात थांबला. त्या अंगठ्याचं खरं काय होतं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. आता माझ्या एकटीलाच.

तो हिवाळा तुम्हाला आठवत असेल. तुमचा तो घडीचा चाकू, शिंगाच्या मुठीचा, नखासाठी खाच असलेला. कलमाचे डोळे भरायचे दिवस आले होते, रोपं अंगठ्याएवढी जाड झाली होती, पाणी देऊन साल सुटायला लागली होती. तुम्ही विहिरीजवळ बसून चाकू उघडायला गेलात आणि तो उघडला नाही. नख वाकलं. तुम्ही धोतराच्या सोग्यानं पातं धरून ओढलं तेव्हा कुठे अर्धा उघडला आणि तिथेच अडकला. तुमचा मुलगा म्हणाला, "द्या बाबा, मी उघडून देतो."

तुम्ही म्हणालात, "आज चाकू उघडून देशीन, उद्या घास भरवशीन. राहू दे. अंगठ्यात दम नाही राह्यला. दारव्ह्याकडून कोणी कलमवाला पाह्य. ज्याले सोताचा चाकू उघडता येत नाही त्यानं झाडाच्या अंगाले हात लावू नये."

तुम्ही चाकू कनवटीला लावला आणि घरी येऊन खाटेवर पडलात. दिवसा खाटेवर पडलेलं मी तुम्हाला तोवर पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली. चाकूची नाही. तुम्ही एकदा चाकू ठेवला तर पुन्हा उठणार नाही असं वाटलं. माझे वडील असेच गेले होते. नांगर सोडला आणि वर्षात गेले.

पण अंगठ्याचं मला पटलं नाही. त्याच दिवशी सकाळी गाईच्या दाव्याची ओली गाठ ह्यांना सुटत नव्हती, ती तुम्ही त्याच अंगठ्यानं सोडली होती. मग दम गेला कुठे? नंतर माझं लक्ष तेलाच्या बुधलीकडे गेलं. तुम्ही रोज संध्याकाळी चाकू पुसून त्याच्या सांध्यात जवसाच्या तेलाचा थेंब सोडायचात, माझ्याच स्वयंपाकातल्या बुधलीतून. त्या बुधलीच्या तोंडाला तेल वाळून असा थर बसायचा, की तो मी राखेनं घासून काढायची आणि तरी निघायचा नाही. माझ्या माहेरी, बाभुळगावकडे, दिवाळीच्या आधी वडील दारांना आणि बैलबंडीच्या लाकडाला जवसाचं तेल चोळायचे. वाळलं की कातडीसारखं घट्ट बसायचं, पावसाचं पाणी आत जायचं नाही. दाराला हे चांगलं. चाकूच्या सांध्यात तुम्ही वर्षानुवर्षं तेच कातडं चढवत होता. जितका चाकू अडायचा तितकं तुम्ही जास्त तेल द्यायचात.

हे मला दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. म्हणून मी आत्याबाईंना सांगितलं. तुमच्या बायकोशिवाय आपल्या दोघांमध्ये दुसरा रस्ता नव्हता.

"आत्याबाई, मामाजीच्या अंगठ्याले काही नाही झालं. चाकूले तेलानं धरलं. जवसाचं तेल वाळते."

आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. "तं तूच सांग."

"मी कशी सांगू?"

"हो नं. तुही जीभ तुह्या बापानं माहेरीच ठेवून घेतली." आणि तिथूनच ओसरीकडे तोंड करून ओरडल्या, "आयकलं काय? सून म्हणते, तुमच्या डोक्यात तेल कमी अन् चाकूत जास्त झालं!"

मी असं म्हटलं नव्हतं मामाजी. हे तुम्हाला इतक्या वर्षांनी सांगते आहे. आत्याबाईंकडून निरोप गेला की त्याला वाटेत असं काहीतरी चिकटायचंच.

तुम्ही उठलात. गोठ्याकडे जाऊन गाईला म्हणालात, "चांदे, आयक. तेलानं चाकू अडते म्हणे. उद्या म्हणतीन पाण्यानं आग लागते."

मला खरं तर तिथेच गप्प बसायचं होतं. पण खाटेवर पडलेले तुम्ही डोळ्यांसमोरून जात नव्हता. मी आत्याबाईंना म्हटलं, "बंडीच्या आसाले ओंगणाचं तेल कायचं घालतात ते विचारा."

"बंडीले काय चारता, विचारते ती," आत्याबाई ओरडल्या.

या वेळी तुम्ही चांदीशी बोलला नाहीत. ओसरीवर येऊन, भिंतीकडे पाहत, सावकाश बोललात. "बंडीले एरंडीचं देतो. पण बंडीले डोळा नाही भरावा लागत. एरंडीचा थेंब डोळ्याले लागला तं डोळा मरते. जे आपल्या पोटात चालते तेच झाडाच्या अंगाले लागू द्यावं. मले ज्यानं हात धरून शिकवलं त्यानं हेच सांगतलं."

तुमचं म्हणणं हट्टाचं होतं, पण त्या हट्टाच्या पोटात झाडाची काळजी होती. मला वाटलं होतं तुम्ही फक्त सवयीनं जवस वापरता. आजही मला तुमचं म्हणणं पूर्ण खोटं वाटत नाही.

मग मी तोंडानं भांडायचं सोडलं. मंजनाच्या जुन्या डब्यांची दोन झाकणं घेतली. एकात जवसाचं तेल चोळलं, दुसऱ्यात एरंडीचं. न्हाणीजवळच्या बुटक्या भिंतीवर, तुमचा तांब्या असायचा त्याच्या शेजारी, उन्हात ठेवून दिली. तुम्ही रोज तांब्या उचलायचात आणि झाकणांकडे पाहायचातही नाही. आठवडाभर मी चुलीजवळच्या झरोक्यातून पाहत राहिले. एका सकाळी तुम्ही थांबलात. एक झाकण उचललंत आणि बोट फिरवलंत. बोट सरकन गेलं. दुसऱ्यावर फिरवलंत तर बोट अडलं. नखानं खरवडलंत, थर निघेना. दोन्ही नाकाजवळ नेऊन वास घेतलात. मग झाकणं जिथल्या तिथे ठेवून तांब्या घेऊन निघून गेलात. मला वाटलं, संपलं. या माणसाला देव आला तरी पटवू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या झाकणांच्या शेजारी चाकू ठेवलेला होता. मिटलेला.

किती वेळ मी त्याला हात लावला नाही. विसरून राहिला असेल असं वाटलं. पण तुम्ही चाकू विसरणारे नव्हता. शेवटी मी तो पदरात घेऊन आत आणला. वाटीत घासलेट घेतलं आणि सांधा बुडेल असा उभा ठेवला. स्वयंपाक होईपर्यंत घासलेट पिवळं झालं. तुराटीची काडी चिरून बारीक केली आणि सांध्याच्या फटीतून फिरवली, तर तपकिरी गोंदासारखं काय काय निघालं, त्यात झाडाच्या चिकाचे आणि धुळीचे थर. पात्याची पाठ फडक्यात धरून मी थोडं उघडलं, मिटलं, पुन्हा घासलेटात धरलं. जोर केला नाही. जोर केला असता तर एक तर पातं तुटलं असतं किंवा माझं बोट. हळूहळू सांधा बोलायला लागला. आधी करकर, मग नुसती घसट, आणि मग आवाजच नाही. गरम पाण्यानं धुतला, चुलीच्या उबेवर वाळवला. सांध्यात काडीच्या टोकानं एरंडीचा थेंब सोडला. खोबरेल नाही घातलं, ते आपल्याकडच्या थंडीत थिजतं. आणि पातं राखेनं घासून इतकं कोरडं पुसलं, की संत्र्याच्या डोळ्याला एरंडीचा वासही लागू नये.

भिंतीवर ठेवला आणि झरोक्याशी जाऊन उभी राहिले. तुम्ही आलात. नख खाचेत घातलं आणि चाकू उघडला. तुम्ही तो मिटलात आणि पुन्हा उघडलात. मग गोठ्याकडे गेलात आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणालात, "चांदे, थंडी कमी झाली. लोखंड थंडीत आखडते."

थंडी काही कमी झाली नव्हती. मी पदर तोंडात धरून हसले. पण त्या दिवशी दुपारी तुम्ही वाफ्यात बसून रोपाच्या सालीला काप दिलात, आणि कलमवाल्याला बोलावणं गेलं नाही.

नंतर हे दर वर्षी झालं. हिवाळा आला, बायका तूर सोंगायला जायला लागल्या, की चाकू भिंतीवर यायचा. मी तो मोकळा करायची. तुम्ही डोळे भरायचात आणि रोज संध्याकाळी पुन्हा जवसाचंच तेल सोडायचात. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो पुन्हा जाम. कधी कधी माझा राग राग व्हायचा. घासलेट काही फुकट येत नाही. पण तुमच्यावर राग धरून चाकू तसाच ठेवावा असं एकदाही मनात आलं नाही.

वाफ्यात मी तुमच्या मागून एक रोप सोडून बसायची. तुम्ही चाकूचं काम करायचात, मी केळीच्या ओल्या सोपटाच्या दोऱ्यांनी डोळा बांधायची. बायकांनी बांधायचं, माणसांनी कापायचं, अशी आपल्याकडची वाटणी. काप देताना तुम्ही रोपाशी बोलायचात. "हं, आडवा काप लहान. उभा काप हलक्या हातानं. साल सोलायची, आतल्या हाडाले धक्का नाही लावायचा. डोळ्याचं तोंड वर." दर रोपाला तेच. माझा मुलगा झाल्यानंतरच्या वर्षी मी बांधायला आले नव्हते, तर आत्याबाई म्हणाल्या, "औंदा बुढा रोपाशी बोलला नाही. मुक्यानंच काम केलं." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाची लहर, एवढंच मला वाटलं.

आत्याबाई गेल्या आणि आपल्यातला रस्ता बंद झाला. पुढे चांदीही म्हातारी होऊन गेली. मग तुम्ही कोणालाच काही म्हणायचात नाही. गावात दुसऱ्या घरच्या सुना सासऱ्यांशी दोन शब्द बोलायला लागल्या होत्या, त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. मीच बोलले नाही. मला लाज वाटायची. तुम्ही ताटावर बसलात आणि मीठ कमी असलं तर तुम्ही बोट ताटाच्या काठाला लावायचात, मी मीठ वाढायची. त्यात आपलं भागत होतं. तुमची चाहूल लागली की मी गप्प व्हायची. लेकरांना मोठ्यानं हाक मारायची तीसुद्धा तुम्ही मळ्यात असताना.

या हिवाळ्यात चाकू भिंतीवर उशिरा आला. तुम्हाला खोकला होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी चाकू मोकळा केला. तो फुलासारखा उघडत होता. तुम्ही उघडलातही. पण काप देताना हात हलला. तुम्ही बोटांनी चाचपून काम करत राहिलात. अर्धा वाफा झाला आणि तुम्ही जागेवरच बसलात. ह्यांनी धरून घरी आणलं. या वेळी चाकूचा दोष नव्हता आणि मला त्याचं काहीच करता येत नव्हतं.

शेवटच्या दिवसांतली ती दुपार मला कोणाला तरी सांगायची आहे, आणि तुमच्याशिवाय कोणाला सांगू? हे मोटेवर गेले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन खाटेजवळ आले. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "कोण आहे?"

मी बांगड्या वाजवल्या.

"बांगड्याईनं काय समजते? पाहाले येणाऱ्या साऱ्या बायाच्या हातात बांगड्या आहेत. कोण आहे?"

मी म्हटलं, "मी."

"मी कोण?"

एका चुलीचं खाल्लं, एका वाफ्यात बसलो, आणि तुम्हाला माझा आवाज ओळखता आला नाही. कसा येणार? तो तुम्ही ऐकलाच नव्हता.

"सून आहो, मामाजी. तुमची."

तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत. मग म्हणालात, "तुहा आवाज तं बारीक आहे. मले वाटे तू मोठ्यानं बोलत असशीन. बुढी तुहं सारं ओरडून सांगे."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी पाणी पाजलं. तुम्ही विचारलंत, "रोपं किती राह्यली?"

"अर्धा वाफा."

"साल सुटून राह्यली. मंग चिकटून बसली तं डोळा नाही घेणार. चाकू घे अन् भर."

"मले नाही जमणार."

"काहून? इतके साल सांगतलं नं."

"कोणाले? तुम्ही तं रोपाले सांगत होते."

"रोपाले कान असतात काय?" तुम्ही म्हणालात, आणि खोकला आला.

मी तुमची पाठ चोळली. पहिल्यांदाच हात लावला तुम्हाला. हाडं हाताला लागत होती. खोकला बसल्यावर मी धीर केला. एवढं बोलले आहे तर हेही विचारून घेऊ, असं वाटलं. "मामाजी, सांध्याले तेल कोणतं लावू?"

तुम्हाला झोप लागली असं मला वाटलं. मग तुमचे ओठ हलले. "पातं पुसून घेशीन तं कोणतंही लाव."

एवढंच. हे तुम्ही मान्य केलं की नाही, मी अजून ठरवू शकले नाही. जवसाचं तेल वाळतं, हे तुमच्या तोंडून मला एकदा ऐकायचं होतं. ते राहिलंच. आणि मला जे सांगायचं होतं तेही राहिलं. मी तुमचा हात वाचवायला चाकू मोकळा करत होते, असं तुम्हाला वाटलं असेल. पण वाफ्यात तुमच्या मागे बसायला मिळायचं ते मला हवं होतं. वर्षातले तेवढेच दिवस मला कोणी काही शिकवत असायचं. शाळा सुटल्यावर दुसऱ्या कोणी शिकवलं नाही.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात मळ्यात कोणी गेलं नाही. सुतक फिटलं त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "चाकू मी घेते." ते माझ्याकडे पाहत राहिले. मग सोपटाच्या दोऱ्या भिजवून माझ्या मागे, एक रोप सोडून, येऊन बसले. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं हटकलंच, "काहून गा, बायको कापते अन् तू दोऱ्या बांधतं?"

हे म्हणाले, "मले चाकू उघडता येत नाही, भाऊ."

तुमचाच मुलगा आहे.

पहिलं रोप मी वाया घालवलं. उभा काप खोल गेला, हाडाला धक्का लागला. दुसऱ्याची साल नीट सुटली. पुढे पुढे मी माझ्याही नकळत बोलायला लागले, आडवा काप लहान, डोळ्याचं तोंड वर. अर्धा वाफा भरायला मला तुमच्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला.

आज सकाळी मी तुमच्या अर्ध्या वाफ्यात गेले. किती दिवस टाळत होते. डोळ्याला पानाचा जो देठ राखलेला असतो त्याला बोट लावायचं. देठ आपोआप गळाला तर डोळा जगला. वाळून चिकटून राहिला तर मेला. तुमचे काप या वेळी वाकडे होते, काही ठिकाणी साल दोनदा चिरलेली होती. मला बोट लावायचा धीर होत नव्हता. तुमची शेवटची रोपं मेलेली निघाली असती तर ते मला सोसलं नसतं.

पहिल्या रोपाला बोट लावलं. देठ गळून मातीवर पडला. खाली डोळा हिरवा होता, टपोरा. दुसराही गळला. तिसरा चिकटून राहिला, पुढे आणखीही काही राहिले. पण बरेच गळले मामाजी, तुमच्या हलत्या हातानं आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी भरलेले.

मी म्हटलं, "लागले, मामाजी." मला वाटलं मी मनात म्हटलं. पण ते मोठ्यानं निघालं असावं, कारण विहिरीवर ह्यांनी बैल थांबवले आणि तिथून ओरडून विचारलं, "कोणाशी बोलून राह्यली वं?"

"बाबांशी," मी तितक्याच मोठ्यानं सांगितलं.

बैल पुन्हा चालू लागले. थोड्या वेळानं पाटातून पाणी आलं आणि मी तुमच्या वाफ्याचं तोंड उघडून दिलं.